चार हात पुढे आलेलं घर

टॅमरॅक फ्लॅट, फिरत्या घरांची वसाहत,
रांगेतली शेवटची जागा (आणि आता जरा त्याच्याही पुढे)

मेहुणेबुवा डेलमर यांस,

हॉलिस ट्रुएटचा ताठ मानेनं नमस्कार. (मान सध्या वळतच नाही म्हणून ताठ आहे, पण आखडली नसती तरी ताठच असती, हे तुम्ही जाणता.) इकडे सर्व क्षेम. तुमच्या कंबरेचं कसं काय आहे? पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? आणि खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढून काढायचा तुमचा तो मोठा ट्रक, त्याची तब्येत कशी आहे? त्याच्या साखळ्या शाबूत आहेत ना? मागचं ते लोखंडी दोर गुंडाळणारं यंत्र पूर्वीसारखं जोर धरतं का? सहज विचारलं. घरातल्या सगळ्यांची चौकशी करावी, एवढाच हेतू. ओपलची चौकशी मात्र मी करत नाही. ती माझी बायको आहे खरी, पण नवऱ्याचं घर सोडून भावाकडे जाऊन बसली आहे, आणि अशा वेळी आधी कोणी विचारायचं याला काही रीत आहे. तिला झोपताना गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी लागते, आधी उजव्या आणि मग डाव्या. ही चौकशी नव्हे, माहिती आहे.

तिनं तिची बाजू तुमच्या कानावर घातली असेलच, एकदा नव्हे, रोज जेवताना. आता माझी ऐका. ओपलला न्यायला आलात त्याच्या आधीच्या खेपेला तुम्ही पाहिलीत तेव्हा आमच्या फाटकाजवळची गॅसची टाकी पांढरी होती. मग क्लेबॉर्ननं तिला हिरवे पट्टे मारून तिचं भलंमोठं कलिंगड केलं आहे. (क्लेबॉर्न म्हणजे आमचा मालक. घरं आमची, घरांखालची जमीन त्याची. तो स्वतः कुंपणापलीकडच्या विटांच्या बंगल्यात राहतो आणि लाकडं जाळतो.) त्या कलिंगडातून जमिनीखालून नळ्या निघतात, त्या एकेका घरापाशी येऊन मीटरमधून आत शिरतात. बाहेरच्या गॅसवाल्याला फाटकाच्या आत पाय टाकायला बंदी. म्हणजे डोंगरावर बर्फ पडायला लागला की आमची सगळ्यांची ऊब कलिंगडाच्या पोटात, आणि सुरी एकट्या क्लेबॉर्नच्या हातात. गावातला गॅसवाला ज्याचा एक डॉलर घेतो त्याचे हा अडीच लावायचा. का म्हणून विचारलं तर हात चोळत म्हणायचा, ‘काका, टाकीला रंग द्यावा लागतो ना!’

तेव्हा मी त्याला सर्वांदेखत सुनावलं की तुझा गॅस तुलाच लखलाभ असो, आणि घरी येऊन मीटरचा कॉक स्वतःच्या हातानं बंद केला. सबंध वसाहतीत असं करणारा मी पहिला. (आणि शेवटचाही, पण ती इतरांच्या बाण्याची गोष्ट झाली.) त्यानंतर आम्ही पायमोज्यांवर पायमोजे चढवले, बाहेर ओट्यावर लोखंडी शेगडी मांडली आणि घेवड्याचे डबे तिथेच गरम करू लागलो. ओपलनं पुष्कळ सोसलं, हे मी कबूल करतो, पण फक्त तुमच्याजवळ. अंगात दोन कोट घालून ती बर्फात पॅनकेक भाजायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. (हे बोलण्यापेक्षा भयंकर असतं. तुमचीच बहीण आहे, मी काय सांगू?) मग एके सकाळी उशाजवळच्या पेल्यात तिची कवळी गोठली. केस वाळवायचं यंत्र त्या पेल्यावर धरून बर्फ वितळवत ती जे काही बोलली ते दातांशिवाय बोलली, तरी एकही शब्द मला चुकला नाही. सारांश असा की घर ऊबदार झालं की बोलाव, तोवर तुझ्या अभिमानावर पॅनकेक भाजले जातात का ते बघ. त्यानंतर तुम्ही येऊन तिला घेऊन गेलात आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘हॉलिस, तुमचा अभिमान ओढायला माझा ट्रकसुद्धा पुरायचा नाही.’ मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. फक्त शब्द न् शब्द लक्षात आहे.

बायको गेल्यावर माणूस हातपाय गाळून बसतो अशी क्लेबॉर्नची समजूत होती. मी गावात जाऊन गॅसची एक सुटी टाकी विकत घेतली. माणसाच्या धडाएवढी, जरा गुबगुबीत. ती फाटकातून आत कशी आणायची हा प्रश्न होता. तेव्हा मी तिला गाडीत माझ्या शेजारच्या जागेवर बसवली, पट्टा बांधला, ओपलचा मागे राहिलेला तपकिरी कोट घातला आणि वर तिची रविवारची चर्चची टोपी ठेवली, ती निळ्या फुलांची. लांबून पाहिलं तर कोणीही फसावं. (मी स्वतः वाटेत दोनदा तिच्याशी बोललो.) क्लेबॉर्न फाटकाशी बर्फ उपसत होता. एरवी तो हात वर करतो आणि गाडी सोडतो. त्या दिवशी त्याला सभ्यता सुचली. जवळ येऊन म्हणाला, ‘अरे वा, ओपलकाकू परत आल्या की! बऱ्याच दिवसांनी! जरा अंगानं भरल्यात.’ आणि काकूंना उतरायला मदत करावी म्हणून त्यानं दार उघडून पट्टा सोडला. मेहुणेबुवा, त्या फाटकाला उतार आहे. ओपल गाडीतून धप्पकन खाली पडली आणि कोट सोडून, गडगडत, त्याच्या अंगावरून टोपी उडवत थेट त्याच्या बंगल्याच्या पायरीला जाऊन थडकली. टाकी जप्त झाली. टोपी त्यानं कलिंगडाच्या झडपेवर अडकवून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. वसाहतीतल्या बायका त्या टोपीला बघून मान लववायच्या.

इथे आमच्या शेजारणीचा, कन्सुएलोचा, उल्लेख केला पाहिजे. जन्मभर फळं डबाबंद करायच्या कारखान्यात मुकादम होती, त्यामुळे तिला वाटतं की सगळं जग तिच्या हाताखाली कामाला आहे. ती माझ्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अरे म्हाताऱ्या, एकट्यानं गारठून मेलास तर गॅस स्वस्त होणार आहे का? क्लेबॉर्नला कोण सांगणार किती घ्यायचे? कुणीच नाही! कायदाच नाही आपल्या जिल्ह्यात. करवून घेऊ.’ मग आम्ही लढा उभारला. कामाची वाटणी अशी होती की सह्या गोळा करणं, जिल्हा मंडळाला पत्रं लिहिणं, सभा भरवणं आणि घरोघर तमाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) वाटून लोकांना सभेला आणणं, ही किरकोळ बाजू कन्सुएलोनं सांभाळली. मुख्य बाजू, म्हणजे न डगमगता थंडीत बसून राहणं, माझ्याकडे होती. आमची मागणी अगदी साधी होती: मालकानं जितक्याला गॅस घेतला त्यावर वाजवी असा थोडासा नफा घ्यावा, त्याच्या वर नाही.

सभा अग्निशामक दलाच्या शेडमध्ये झाली. लाल बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. जिल्हा मंडळाच्या अध्यक्षीणबाई मधोमध बसल्या होत्या, मोठी खमकी बाई, पायात बर्फातले बूट आणि हातात विणकाम. क्लेबॉर्न उठला आणि त्यानं एका शब्दावर सगळी सभा फिरवली. म्हणाला, ‘ही कसली घरं आहेत? फिरती घरं. फिरती! खाली चाकं आहेत, पुढे ट्रकला जोडायचा आकडा आहे. मी कुणाला बांधून ठेवलंय का? ज्याला माझा भाव परवडत नाही त्यानं आकडा अडकवावा आणि दुसरीकडे जावं. जो केव्हाही उठून जाऊ शकतो त्याला कायद्याचं संरक्षण कशाला?’ अध्यक्षीणबाईंनी सुया थांबवल्या आणि विचारलं, ही घरं खरोखरच हलतात का? कन्सुएलो उभी राहिली आणि म्हणाली की बाई, एकदा मांडलं की मेल्याशिवाय हलत नाही, आम्हीही आणि घरंही. लोक हसले. आपली बाजू वर आली होती. नेमकं तेव्हाच क्लेबॉर्न माझ्याकडे वळून, ओठ मुडपून हसत म्हणाला, ‘या हॉलिसकाकांनाच विचारा. आयुष्यभर ट्रक हाकला म्हणतात. आता त्यांच्यानं नसेल होत, ते सोडा. वय झालं.’

मेहुणेबुवा, या डोंगरांमधली निम्मी झाडं लाकडाच्या गिरणीत मी पोचवली आहेत. बर्फात, चिखलात, उतारावर ब्रेक गेलेला असताना. आणि दुसरी गोष्ट अशी की सगळ्या वसाहतीनं आपापल्या घरांची चाकं केव्हाच विकून खाल्ली, पण मी दर वसंतात घराखाली सरपटत जाऊन चाकांना वंगण घालतो आणि हवा भरतो. (ओपल म्हणते, वेड्या, कुठे जायचंय तुला? मी म्हणतो, फिरतं घर आहे, फिरतं ठेवलं पाहिजे.) आकडासुद्धा मी कधी गंजू दिला नाही, जरी ओपल त्याच्यावर जिरेनियमची कुंडी ठेवत असली तरी. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते निघालंच. मी उभा राहून म्हणालो, ‘रविवारी या सगळे. माझं घर मी माझ्या ट्रकनं हलवून दाखवतो.’

कन्सुएलोनं डोक्याला हात लावला. शेडबाहेर येताच तिनं माझी जी कानउघाडणी केली तिच्यात अर्धे शब्द तिच्या भाषेतले होते, पण अर्थ लागत होता. ‘अरे मूर्खा, घर हललं नाही तर आपण जिंकतो! हललं तर तो जिंकतो! हे तुझ्या टाळक्यात शिरतंय का?’ शिरत होतं. घरी बसून विचार केला तेव्हा तर फारच शिरलं. घर हललं नाही तर वसाहतीला कायदा मिळणार, घर ऊबदार होणार आणि तुमची बहीण परत येणार. घर हललं तर माझं नाव राहणार, आणि त्या नावाबरोबर मी एकटाच थंडीत राहणार. मी ठरवलं की ओढायचं, पण मनापासून ओढायचं नाही. हे मी कन्सुएलोला शपथेवर सांगितलं, आणि मेहुणेबुवा, सांगताना माझी खरोखर तशीच इच्छा होती.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळा गाव लोटला. अग्निशामक दलाच्या माणसांनी गॅसची नळी, पाण्याचा नळ, विजेची तार सगळं सोडवून दिलं. कुणीतरी कॉफी वाटत होतं. दृश्य नीट दिसावं म्हणून अध्यक्षीणबाई आणि कन्सुएलो आमच्या ओट्यावर, दाराशी उभ्या राहिल्या. आमच्या घराचा आकडा खाली दरीच्या दिशेला आहे, तुमच्या गावाकडे जो रस्ता उतरतो त्याच्याकडे तोंड करून, हे तुम्हाला आठवत असेल. मी जिरेनियमची कुंडी बाजूला ठेवली, कुंपणापलीकडे माझा जुना लाकडं वाहायचा ट्रक लावला, साखळी अडकवली आणि ठरल्याप्रमाणे हलक्या पायानं ओढलं. ट्रक गुरगुरला, घर जागचं ढळलं नाही. कन्सुएलोनं ओट्यावरून मला डोळ्यानं शाबासकी दिली. सगळं कसं मनासारखं चाललं होतं. एवढ्यात क्लेबॉर्न ट्रकच्या खिडकीशी आला आणि अतिशय प्रेमानं म्हणाला, ‘जाऊ द्या काका, उतरा. जमलं नाही म्हणून सांगू आपण.’

त्यानंतर पाय माझा नव्हता. तो बापजाद्यांचा होता. ट्रकनं असा हंबरडा फोडला की झाडांवरचा बर्फ खाली आला, आणि घर, आमचं घर, ज्यानं लग्न होऊन आल्या दिवसापासून कूस बदलली नव्हती ते, एक मोठा सुस्कारा सोडून उठलं आणि चाललं. चाललं हो, मेहुणेबुवा! माझ्या वंगणावर चाललं! मी आरशात पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार हात चाललं असेल. मग खालचा आस मोडल्याचा आवाज आला आणि घर बसकण मारून बसलं. त्याच क्षणी ट्रकच्या पोटातून काळा धूर निघाला आणि तोही बसला. घराभोवतीचं पत्र्याचं कडं आडवं झालं, खिडकीची चौकट निखळली, आत फडताळातून काही पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आणि ओटा जागच्या जागीच राहिला, त्याच्यावर उभ्या असलेल्या कन्सुएलो आणि अध्यक्षीणबाईंसकट. त्यांच्यासमोर दार होतं तिथे आता दरीचं दृश्य होतं.

क्लेबॉर्ननं टाळी वाजवली आणि म्हणाला, ‘बघा, हललं!’ अध्यक्षीणबाई त्या कुठेच न जाणाऱ्या ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आल्या, घराला एक चक्कर मारली, आत डोकावल्या आणि क्लेबॉर्नला म्हणाल्या, ‘याला तुम्ही फिरणं म्हणता? माझी सासू माझ्याकडे राहायला येते, त्याहून ही यातायात जास्त आहे.’ मंडळाचे सगळे सभासद तिथेच होते. बाईंनी तिथेच, बर्फात उभ्यानं मतं घेतली आणि ठराव एकमतानं पास झाला. मालकानं खरेदीच्या भावावर एक दशांश घ्यावा, जास्त नाही. लोकांनी टोप्या उडवल्या. कन्सुएलो म्हणते की घर मोडलं म्हणून आपण जिंकलो. मी म्हणतो की घर हललं म्हणून जिंकलो. दोन्ही खरं आहे, पण माझं जास्त खरं आहे. आणि ठराव लिहिला जात असताना मीच पुढे होऊन अध्यक्षीणबाईंना सुचवलं की बाई, शब्द पक्के घाला, हा माणूस पळवाट काढणारा आहे: ‘कुंपणाच्या हद्दीत पूर्णपणे उभं असलेलं प्रत्येक घर’ असं स्पष्ट लिहा. त्यांनी माझ्या शब्दाला मान देऊन तसंच्या तसं लिहिलं. कायद्याच्या पुस्तकात मी सांगितलेलं वाक्य आहे, मेहुणेबुवा. आपल्या खानदानात असं कोणाचं आहे?

आता संध्याकाळी वसाहतीत उभं राहिलं की प्रत्येक घराच्या धुराड्यातून वाफ निघताना दिसते. खिडक्यांवर दव धरलेलं असतं. म्हाताऱ्या बाया नुसत्या ब्लाउजवर दारात येऊन गप्पा मारतात. सगळे मला हात करतात. परवा एका आजीबाईंनी मला थांबवून सांगितलं की कितीतरी हिवाळ्यांनी त्या मोजे न घालता झोपल्या. क्लेबॉर्ननं ओपलची टोपी स्वतः आणून दिली, फुलं झटकून. मला वाटतं, माणसानं आयुष्यात एकदा तरी काहीतरी हलवावं. मी हलवलं. मला कोणाकडून काही नको आहे, कोणापुढे मान वाकवायची नाही, आणि अभिमान ट्रकनं ओढण्यावरून कोणी मला काही बोललं होतं याची मी आठवणही काढत नाही.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं.

आपला ताठ,
हॉलिस

ता. क. तुमच्या ट्रकबद्दल वर विचारलं, त्याचं उत्तर जरा लवकर द्या. घर चार हात पुढे आलं ते छान झालं, दृश्यही सुधारलं, पण कुंपण आडवं करून आलं. स्वयंपाकघर वसाहतीत आहे, झोपायची खोली सरकारी जंगलात. क्लेबॉर्न लगेच मोजायची फीत घेऊन आला आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं, ‘पूर्णपणे’ या शब्दावर बोट ठेवून. गॅसची नळीही चार हात तोकडी पडते आणि कुंपणाबाहेर ती वाढवणार नाही म्हणतो. त्यामुळे सगळ्या वसाहतीत सध्या थंड घर एकच आहे. मागून लोखंडी दोर लावून ओढलं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. आस मी दुरुस्त करून ठेवतो. तुम्ही म्हणाला होतात की तुमचा ट्रक पुरायचा नाही. घर ओढून बघा, अभिमान मी आधी उतरवून ठेवतो.

ता. क. दुसरा. फडताळातून जे पडलं त्या ओपलच्या निळ्या बश्या होत्या, तुमच्या आईनं लग्नात दिलेल्या. दोन वाचल्या. एक तिची आणि एक माझी, असं मी धरून चाललो आहे. हे, आणि टोपीचं, आणि ‘अंगानं भरल्यात’ हे तिला सांगू नका. किंबहुना हे पत्रच तिला दाखवू नका.

ता. क. तिसरा. एवढंच वाचून दाखवा. ओपल, आधी तूच चौकशी करावीस हा हट्ट मी सोडला, मीच विचारतो: तू बरी आहेस ना? मला तुझ्यावाचून करमत नाही. घराचा आकडा तुझ्या भावाच्या गावाकडे तोंड करून होता, तुला ठाऊक आहे. लोक काहीही म्हणोत, घर निघालं होतं ते तुला आणायला. चार हात आलं, पुढे बिचाऱ्याला झेपलं नाही. राहिलेली वाट तू ये.